एकतीस तारखेची छत्तीस मशिनं

"अहो फैना अर्खिपोव्ना, कपडे धुवायचं मशीन आहे ते! डॉक्टरनं छातीला कान लावावा तसं काय ऐकत बसलाय? मारा शिक्का आणि व्हा पुढं!"

आमचे फोरमन खामित गरेयेविच हे वाक्य दर महिन्याच्या अखेरीला म्हणत. त्या दिवशी ते जवळजवळ हात जोडून म्हणत होते. एकतीस डिसेंबर, दुपारचे सव्वातीन. चार वाजता वर्षाचा आकडा बंद होऊन मॉस्कोला तार जाणार होती आणि योजना पुरी व्हायला छत्तीस मशिनं कमी पडत होती. कमी म्हणजे, होती तशी. सरकत्या पट्ट्याच्या टोकाला ओळीनं उभी होती, गोल, पांढरी, झाकणावर निळा हिमकण काढलेली. 'मेतेलित्सा' म्हणतात आमच्या मशीनला, म्हणजे हिमवादळ. फक्त छत्तीस पुस्तिकांवर तपासणीचा शिक्का नव्हता, आणि चौदा नंबरचा तो शिक्का फैना अर्खिपोव्नांच्या एप्रनच्या खिशात होता.

"कान लावला नाही तर बेअरिंगचा आवाज कसा कळणार?" त्या म्हणाल्या. "तुम्ही जरा गप्प बसलात तर लवकर कळेल."

मी शेजारीच पॅकिंगच्या टेबलाशी उभी होते. मी रिम्मा. एकोणीस वर्षं एकच काम केलं: खोक्यात मशीन, मशीनबरोबर एक रबरी नळी, एक लाकडी चिमटा आणि एक पुस्तिका घालायची, वर झाकण ठोकायचं. त्या पुस्तिकेत तीन गोष्टी असतात. मशीनचा नंबर, बनवल्याची तारीख आणि तपासनिसाचा शिक्का. हातभर मशीन आणि बोटभर पुस्तिका, पण लोक वाचतात ती पुस्तिका.

कारण आमच्या कारखान्याचा महिना कसा असतो, हे सगळ्या देशातल्या बायकांना पाठ आहे. पहिले दहा दिवस झोपेचे. मोटर आलेली नसते. मोटर ज्या शहरातून यायची तिथं गुंडाळायची तांब्याची तार आलेली नसते, आणि तार ज्या शहरात होते तिथलाही महिना आमच्यासारखाच. पुरुष डॉमिनो खेळतात, बायका विणतात. सरकारच्या वेळात मी वर्षाला दोन स्वेटर विणले, खोटं कशाला बोलू. दुसरे दहा दिवस जांभया देत उठण्याचे. आणि शेवटचे दहा दिवस! तहान लागल्यावर विहीर खणायची म्हणतात ना, ती आम्ही दर महिन्याला खणायचो, आणि पाणी लागल्याचा ढोल एकतीस तारखेला वाजवायचो. म्हणून दुकानात गेलेली बाई आधी रंग बघत नाही. पुस्तिका उघडते. पंधराच्या आतली तारीख असेल तर पैसे काढते. पंचविसाच्या पुढची असेल तर विक्रेत्याला म्हणते, "हे तुमच्या सासूबाईंना द्या."

आमच्या शहरात मात्र बायका आणखी एक गोष्ट बघायच्या. शिक्क्याचा नंबर. तपासनीस चार होत्या, पण चौदा नंबरची गोष्टच वेगळी. फैना अर्खिपोव्ना प्रत्येक मशिनात दोन बादल्या पाणी ओतायच्या, चार मिनिटं चालवायच्या, पोटावर पंजा ठेवायच्या, झाकणाला कान लावायच्या. खाली आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र पसरलेलं असायचं. चार मिनिटांनी ते उचलून उजेडात धरायच्या. एक थेंब जरी पडलेला दिसला तरी मशीन परत. सबंध पानभर मंत्र्याचं भाषण असायचं आणि त्या म्हणायच्या, "याच्यात कुठं ओलावा नाही, जाऊ द्या."

छत्तीस मशिनं, प्रत्येकी चार मिनिटं. हिशेब खामित गरेयेविचनी केला, मी केला, पट्ट्यावरच्या प्रत्येकानं केला. अडीच तास लागणार होते आणि हातात पाऊण तास होता. योजना हुकली तर चार हजार माणसांचा तेरावा पगार, म्हणजे वर्षाअखेरचा बोनस, गेला. त्या तेराव्या पगारातून कुणाला ओव्हरकोट घ्यायचा होता, कुणाला मुलाचं लग्न करायचं होतं. पंचवीसएक माणसं कामं संपवून फैना अर्खिपोव्नांच्या मागं उभी होती. कुणाच्या पिशवीत संत्री, कुणाच्या पिशवीत मटाराचा डबा. घरी नव्या वर्षाचं टेबल मांडायचं होतं. 

तेवढ्यात कचेरीतली मुलगी धावत आली. "फैना अर्खिपोव्ना! प्रसूतिगृहातून फोन! तुमच्या लेकीला, नेल्याला, दोन झाल्या! दोन्ही मुली!"

केवढा कल्ला झाला म्हणता! खामित गरेयेविचनी टोपी वर उडवली. फैना अर्खिपोव्ना तिथंच एका खोक्यावर बसल्या आणि "दोन? नीट विचारलंस ना? दोन?" असं तीनदा म्हणाल्या. आणि त्या गडबडीत मी म्हटलं, "बाई, मारा आता. एकदा नाही बघितलं तर आभाळ कोसळणार आहे का?"

हे मीच म्हटलं. दुसऱ्या कुणावर ढकलणार नाही.

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. माझ्या हातातला पुस्तिकांचा गठ्ठा घेतला आणि तीन मिनिटांत छत्तीस शिक्के मारले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खामित गरेयेविच त्यांचे हात धरायला गेले तर त्यांनी ते पटकन एप्रनखाली लपवले. चार वाजता तार गेली. शंभर पूर्णांक शून्य एक टक्के.

आता एक गंमत सांगते. वर्षाला साठ हजार मशिनं करणाऱ्या आमच्या कारखान्यात कामगाराला मशीन मिळायचं ते यादीनं. फैना अर्खिपोव्ना अकरा वर्षं यादीत होत्या. दिवसभर दुसऱ्यांची मशिनं ऐकायच्या आणि संध्याकाळी घरी जस्ताच्या टबात, फळीवर घासून चादरी धुवायच्या. हाताची बोटं सुजलेली असायची. आणि नेमका त्या जानेवारीत त्यांचा नंबर लागला. नेल्या दोन मुली घेऊन आईकडेच आली होती, दिवसाला तीस लंगोट निघत होते, आणि युनियनच्या माणसानं येऊन सांगितलं, जा, दुकानातून उचला.

जावई स्तास घसरगाडीला दोरी बांधून मशीन घेऊन आला. चार मजले वर चढवताना सगळे शेजारी मदतीला. मीही गेले होते, त्याच इमारतीत राहते. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लंगोट वाळत होते, वाकून चालावं लागत होतं. स्तासनं पाणी ओतलं, प्लग लावला. फैना अर्खिपोव्नांनी सवयीनं पुस्तिका उघडली.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी तारीख वाचली. शिक्का वाचला. मग म्हणाल्या, "स्तास, हात काढ."

पण स्तासनं बटण दाबलं होतं आणि दुसरा हात कौतुकानं मशीनच्या पोटावर ठेवला होता. तो असा मागं उडाला की थेट लंगोटांच्या बादलीत जाऊन बसला. मिशा ताठ उभ्या राहिल्या. नेल्या किंचाळली, दोन्ही पोरी रडायला लागल्या, आणि बादलीत बसल्या बसल्या स्तास म्हणाला, "सासूबाई, माझ्याबद्दल काही राग असेल तर तोंडानं सांगायचा होता."

मशीन आडवं करून आम्ही बूड उघडलं. दांड्याभोवती पाणी अडवणारा रबरी वायसर असतो. तो फाटून पाणी थेट मोटरवर ठिबकत होतं. मी वायसर ओढून काढला. काळंभोर चकचकीत रबर, आणि आतल्या बाजूला लाल अस्तर. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ते ओळखू येईल. चिखलात बुटांवर चढवायचे रबरी जोडे असतात, त्यांना आतून असंच लाल अस्तर असतं. वायसर आले नव्हते, म्हणून कुणीतरी जोडे कापून बसवले होते.

नेल्या हसायला लागली, स्तास हसला, मलाही हसू आवरेना. फैना अर्खिपोव्नांनी तो तुकडा तळहातावर घेतला.

"रिम्मा," त्या म्हणाल्या, "अजून पस्तीस आहेत."

मग कुणी हसलं नाही.

त्याच संध्याकाळी त्यांनी तक्रार लिहिली. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर छापलेलंच असतं, तक्रार कशी करावी. गिऱ्हाईक म्हणून नाव, पत्ता, दोष, सगळं भरलं आणि कारखान्याच्या तपासणी विभागाकडे पोस्टानं पाठवलं. शिक्का ज्याचा, उत्तर त्यानं द्यायचं, असा नियम. त्यामुळे चार दिवसांनी ती तक्रार फिरून फैना अर्खिपोव्नांच्याच टेबलावर आली. त्यांनी चष्मा लावून, जणू पहिल्यांदाच बघतायत अशी वाचली आणि खाली उत्तर लिहिलं: तक्रार खरी आहे. मशीन न बघता शिक्का मारला. दोषी, तपासनीस क्रमांक चौदा, क्रुग्लोवा.

ताकाला जाऊन भांडं लपवणं त्यांना जन्मात जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्हाला तिघांना डायरेक्टरच्या खोलीत बोलावलं. त्या, खामित गरेयेविच आणि पॅकिंगची साक्षीदार म्हणून मी. डायरेक्टर अफानासी कुझ्मिच माणूस वाईट नव्हता. अंगानं भरलेला, नेहमी दमलेला, टेबलावर तीन फोन आणि तिन्हींवर त्याला ओरडणारे लोक.

"तक्रार कुणी केली?" त्यानं विचारलं.

"मी."

"कुणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध."

"चौकशी?"

"मीच केली."

"आणि निकाल?"

"मी दोषी आहे."

अफानासी कुझ्मिचनं कपाळाला हात लावला. "मग बाई, मी इथं कशाला बसलोय?"

मग तो सांगायला लागला. ही तक्रार वहीत चढली तर छत्तीस मशिनं रद्द. छत्तीस रद्द म्हणजे शंभरचे नव्व्याण्णव पूर्णांक काहीतरी. म्हणजे मॉस्कोला गेलेली तार खोटी. म्हणजे लाल झेंड्याचं बक्षीस परत, आणि वाटलेला तेरावा पगार चार हजार माणसांकडून परत. "त्यांना काय सांगू? कोट दुकानात परत करा?"

"जोडे कापून बसवले," फैना अर्खिपोव्ना म्हणाल्या. "माझ्या जावयाला करंट लागला. घरात दोन तान्ही पोरं आहेत."

खामित गरेयेविचचा चेहरा लाल झाला. "मी कापले! बोला! वायसर येणार वीस तारखेला, आले नऊ जानेवारीला. मी काय करायचं? सतरा वेळा फोन केला. पलीकडून कुणी विचारलं नाही, वायसर आहेत का. सगळे विचारतात, किती टक्के! माझे स्वतःचे जोडे कापले. बायकोचे कापले. सासूचेसुद्धा कापले, फैना अर्खिपोव्ना, आणि आता बर्फ वितळला की आमचं अख्खं घर मोज्यांवर चिखलातून फिरणार आहे!"

अफानासी कुझ्मिचला हसू फुटलं, मग त्यानं ते खोकला करून गिळलं. फैना अर्खिपोव्ना हसल्या नाहीत, पण आवाज मऊ झाला.

"तुम्ही जोडे दिलेत, खामित गरेयेविच. मी काहीच दिलं नाही. मला नुसतं बघायचं होतं."

 एक फोन वाजून वाजून थांबला. शेवटी ठरलं ते असं: तक्रार त्या मागं घेणार. बदल्यात डायरेक्टर छत्तीस वायसर देणार, आणि त्या घरोघर जाऊन बसवणार. कागद कुठंही होणार नाही.

"पण गेटवर झडती घेतात," मी म्हटलं. "वायसर बाहेर नेताना पकडलं तर चोरी होईल."

"गेटवर मी सांगतो. पिशवी बघायची नाही."

आमच्या गेटमधून आजवर काय काय बाहेर गेलं, ते सांगत नाही. स्क्रू गेले, रंग गेला, एकदा तर एक अख्खी मोटर पोटावर बांधून गेली, बाई गरोदर आहे म्हणून. लोकांची वस्तू लोकांनाच द्यायला काहीतरी बाहेर जाण्याची ती पहिलीच वेळ असावी.

आम्ही उठलो. तेव्हा फैना अर्खिपोव्नांनी खिशातून शिक्का काढला आणि टेबलावर ठेवला.

"हे काय?" अफानासी कुझ्मिच दचकला. "कुणी मागितलाय?"

"नियमात आहे. न बघता शिक्का मारला तर तपासनिसाकडून काढून घ्यावा."

"बाई, नियमात काय वाट्टेल ते असतं!"

"हे पण आहे," त्या म्हणाल्या.

खामित गरेयेविच जिन्यापर्यंत मागं आले. इतकी वर्षं ज्या बाईनं त्यांचं डोकं खाल्लं, ती एकदाची बाजूला झाली होती. खरं तर त्यांनी साखर वाटायची. पण ते म्हणाले, "आता आम्हाला अडवणार कोण?" आणि तोंड फिरवून गेले.

शिक्का अल्ला नावाच्या बावीस वर्षांच्या मुलीला मिळाला. मुलगी गोड होती, गाणं सुरेख म्हणायची. एका मिनिटात सहा मशिनं पास करायची. फैना अर्खिपोव्ना माझ्या टेबलावर आल्या, पॅकिंगला, आणि माझं आयुष्य हराम झालं. "रिम्मा, खिळा वाकडा गेला. रिम्मा, नळीला चीर आहे. रिम्मा, हा चिमटा कुणी घेईल का?" एकोणीस वर्षांत मला कुणी चिमट्याबद्दल विचारलं नव्हतं. पहिला आठवडा कँटीनमध्ये त्यांच्या टेबलावर माझ्याशिवाय कुणी बसलं नाही. तेरावा पगार घालवायला निघालेली बाई, असं लोक म्हणायचे. टाळ्या वाजवणारेच म्हणायचे. त्या शांतपणे सूप प्यायच्या आणि माझं सूपही संपवायच्या. मला मात्र राग यायचा, आणि तो राग निम्मा माझ्या स्वतःवरच होता.

दुकानातल्या वॉरंटीच्या पावत्यांवरून पत्ते मिळाले. रविवार आला की आम्ही दोघी निघायचो, त्यांच्या पिशवीत वायसर, माझ्या पिशवीत नट फिरवायचे पाने आणि एक वर्तमानपत्र. नेल्या दारात उभी राहून ओरडायची, "आई, आपलं मशीन आधी कर ना! माझे हात बघ!"

"आपल्याला माहीत आहे प्लग लावायचा नाही," त्या म्हणायच्या. "त्यांना माहीत नाही."

काय काय घरं बघितली! एका मास्तरांना वाटत होतं, मशिनातून येणारी झिणझिणी ही कारखान्यानं मुद्दाम दिलेली सोय आहे. त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांचा गुडघा त्यानं बरा झाला होता, आणि म्हातारबुवा आम्हाला मशिनाला हात लावू देईनात. "दुरुस्त करायला आलात? बिघडवायला आलात!" एका ट्रक ड्रायव्हरनं रबरी चटईवर उभं राहून, हातमोजे घालून बायकोची सगळी धुणी केली होती. बायको म्हणाली, "दुरुस्त केलंत तर हा पुन्हा हात लावणार नाही. राहू द्या ना तसंच." एका घरात चहा मिळाला, एका घरात शिव्या मिळाल्या, आणि एका बाईनं तर फैना अर्खिपोव्नांच्या तोंडावर दार आपटलं. त्या जिन्यात अर्धा तास थांबल्या आणि परत बेल वाजवली. प्रत्येक घरी त्या एकच वाक्य सांगायच्या, "वायसर चुकीचा बसलाय, आम्ही बदलायला आलोय." मी कुणाला काय सांगणार? मीही तेच म्हणायचे.

मार्च लागेपर्यंत चौतीस झाली. पस्तिसावं घरचं. ते राहू द्या. छत्तिसावं कामा नदीच्या पलीकडे होतं, लुगोवाया नावाच्या खेड्यात. गोठलेल्या नदीवरून जाणारी बस बंद व्हायच्या बेतात होती, त्यानंतर मे महिन्यात होडी सुरू होईपर्यंत पलीकडे जायला वाट नाही. अकरा मार्चच्या रविवारी आम्ही गेलो. बर्फावर बोटभर पाणी साचलं होतं, ड्रायव्हर दार उघडं ठेवूनच गाडी हाकत होता. "का हो?" मी विचारलं. "उडी मारायला," तो म्हणाला.

घर उस्तिन्या आजीचं. ऐंशीच्या आसपासची, काटकुळी, डोळे मात्र सुईत दोरा ओवतील असे. मशीन घरातल्या सगळ्यात चांगल्या खोलीत, खिडकीखाली ठेवलेलं होतं. त्यावर भरतकाम केलेलं कापड आणि कापडावर जिरॅनियमची कुंडी. रबरी नळी खोक्यातून काढलेलीसुद्धा नव्हती.

"वापरलं नाहीत का, आजी?" मी विचारलं.

"एकतीस डिसेंबर लिहिलंय त्याच्यावर. मला काय वेड लागलंय?"

"मग घेतलंत कशाला?"

"चौदा नंबर होता ना!" आजी म्हणाली. "दुकानातली पोरगी म्हणाली, आजी, तारीख वाईट आहे पण बाई चांगली आहे, न बघता सोडत नाही. आता बघ, दोन्ही एकाच कागदावर. तारीख म्हणते घेऊ नको, नंबर म्हणतो घे. मी म्हटलं, घेऊन तर ठेवू. वसंत येऊ दे, तोवर ठरवीन कुणाचं ऐकायचं ते."

मी हसले. खरं तर हसण्यासारखंच होतं. पण फैना अर्खिपोव्ना खाली स्टुलावर बसल्या आणि डोक्याचा रुमाल सोडून हातात घेतला. चौतीस घरांत सांगितलेलं वाक्य आता येईल म्हणून मी वाट बघत होते.

"तारीख खरी होती," त्या म्हणाल्या. "चौदा नंबर मीच, आजी. त्या दिवशी मी बघितलं नाही. घाई होती, सगळे उभे होते, नात झाल्याचा फोन आला होता. पण ते काही नाही. बघितलं नाही, आणि शिक्का मारला."

उस्तिन्या आजी त्यांच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता काठी उचलते. मी दाराच्या बाजूला सरकले.

"किती नाती?" आजीनं विचारलं.

"दोन. एकदम."

"हं." आजीनं कुंडी उचलली, कापडाची घडी केली. "मग बसलीस काय? आता बघ."

वायसर बदलायला वीस मिनिटं लागली. जुना काढला तर तसलाच, लाल अस्तराचा. खामित गरेयेविचच्या सासूचा असेल. मी विहिरीवरून दोन बादल्या पाणी आणलं, आजीनं चुलीवर गरम केलं. तिच्या दोन चादरी घातल्या, खाली वर्तमानपत्र पसरलं आणि प्लग लावला. फैना अर्खिपोव्नांनी पोटावर पंजा ठेवला, झाकणाला कान लावला आणि डोळे मिटले. चार मिनिटं झाली, आठ झाली. मी घड्याळ दाखवलं तर त्यांनी मान हलवली. बारा मिनिटांनी त्यांनी कागद काढला आणि खिडकीशी उजेडात धरला. मग आजीच्या हातात दिला. आजीनं तो दोन्ही बाजूंनी चाचपला, गालाला लावला.

"कोरडा आहे," ती म्हणाली. मग कोनाड्यातून पुस्तिका आणली आणि पुढं धरली. "मार शिक्का."

"शिक्का नाही माझ्याकडे. परत दिला."

"मग आता कुणाकडे आहे?"

"दुसऱ्या मुलीकडे."

"चौदाच नंबर?"

"चौदाच."

"ती बघते?"

फैना अर्खिपोव्ना प्लग काढायला वाकल्या. मीच म्हटलं, "नाही बघत, आजी."

 आजीनं टेबलाचा खण उघडून बरीच खुडबुड केली आणि एक बोटभर उरलेली जांभळी पेन्सिल काढली, जिभेनं ओली केली की शाईसारखी उमटते ती. "शिक्का नाही तर नाव तर आहे ना तुझं? लिही."

फैना अर्खिपोव्नांनी पेन्सिलीचं टोक ओठांत धरलं. शिक्क्याच्या खाली जागा थोडी होती, म्हणून त्यांनी अक्षर बारीक काढलं. शाळेतल्या मुलीसारखं, एकेक करून. लिहून झाल्यावर आजीनं पुस्तिका माझ्याकडे दिली. "वाच. माझा चष्मा फुटलाय."

"फैना अर्खिपोव्ना क्रुग्लोवा," मी वाचलं. "पाहिलं. अकरा मार्च."

"अकरा," आजी म्हणाली. "ही तारीख चांगली." तिनं पानावर दोनदा फुंकर घातली आणि पुस्तिका देवाच्या तसबिरीमागं ठेवली.

शेवटची बस गेली होती. आम्ही नदीवरून चालत निघालो. ऊन उतरलं होतं, पायाखाली पाण्यात आभाळ दिसत होतं, आणि फैना अर्खिपोव्ना पुढं चालता चालता सांगत होत्या की आता घरचं मशीन आजच करायचं, नेल्याचे हात फुटलेत, आणि धाकटी नात मोठीपेक्षा जास्त रडते, आणि मी खिळे जरा सरळ ठोकायला शिकलं पाहिजे. मध्येच त्या मागं वळल्या. खालच्या ओठावर पेन्सिलीचा जांभळा डाग उमटला होता, चांगला मोठा, शिक्का मारल्यासारखा. पुसा म्हणून सांगायला मी तोंड उघडलं, आणि नाही सांगितलं.